मशीन अर्ध्यावर गार पडायचं

आमच्या घरी वॉशिंग मशीन आलं तेव्हा उरणजवळच्या मोरा बंदरावर आमच्या आळीत कुणाकडे विजेची इस्त्रीसुद्धा नव्हती. वीज येऊनच फार दिवस झाले नव्हते. एका खोलीत एक बल्ब, आणि वारा सुटला की तोही मिणमिणायचा. त्या घरात वैशाखातल्या एका सकाळी कपाटाएवढं पांढरं धूड आलं. मालवाहू पडावातून धक्क्यावर उतरवलेलं, बांबूला बांधून माणसांनी खांद्यावरून आणलेलं. पुढून त्याला गोल काचेचं दार होतं. सासूबाईंनी आधी त्याच्यावर पाणी ओवाळलं आणि मग विचारलं, हे काय आहे.

आणलं होतं मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावानं. मामा मुंबईत दारूखाना बंदरात जुनी जहाजं तोडायच्या कामावर होते. तोडायला आलेल्या जहाजातून बेसिनं, दारं, पलंग, दिवे असं काय काय निघतं आणि तिथल्या बाजारात विकलं जातं. त्यातलं काही ना काही मामा आमच्याकडे आणत. आमच्या मोरीतला आरसा जहाजावरचा होता, जेवायची जाड पांढरी ताटं जहाजावरची होती. हे मशीन कुठल्याशा परदेशी जहाजाच्या साहेबलोकांच्या भागातलं. कपडे धुतं, आणि त्याच पिंपात गरम हवा सोडून सुकवतंसुद्धा, असं मामांनी सांगितलं. सुकवतं हे ऐकून सासूबाईंचा चेहरा खुलला.

त्याला कारण माझी मुलगी होती. जासईला, माझ्या माहेरी, बाळंत होऊन मी सव्वा महिन्यानं परत आले होते आणि पावसाळा तोंडावर होता. मोऱ्याला आषाढ-श्रावणात कपडा सुकत नाही. समुद्राची खारी ओल भिंतीत, अंथरुणात, मिठाच्या बरणीत, सगळीकडे शिरते. तान्ह्या मुलाची दुपटी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवायची, हीच रीत. त्यानं दुपट्यांना धुराचा वास लागे आणि मूल खोकत राही. माझ्या मुलीच्या आधी या घरात सासूबाईंचं एक मूल अशाच पावसाळ्यात छाती भरून गेलं होतं. त्या ते कधी बोलत नसत, पण दुपटं गालाला लावून ओल बघायची त्यांची सवय मी पाहिली होती.

माझे यजमान मुंबईत गोदीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. जहाजावरची वीज आणि आपल्या घरातली वीज वेगळी, म्हणून मशीनची मोटर चालेना. त्यांनी दुसरी मोटर शोधून आणली, बसवली, मागल्या पडवीत जाड वायर ओढली, परसात तांब्याची पट्टी पुरून अर्थिंग केलं. पाणी बादलीनं ओतावं लागे आणि मळकं पाणी नळीनं परसात जाई. पण ते चाललं. पहिल्यांदा सुकवायचं बटण फिरवलं तेव्हा आतून पंख्याचा आवाज आला, मग मागच्या पत्र्याच्या तोंडातून भसाभस ऊन वाफ. अख्खी आळी बघायला आली होती. दार उघडून सासूबाईंनी दुपटं गालाला लावलं आणि मुलीला त्यात गुंडाळलं.

अर्धा आषाढ सरेपर्यंत ते बरं चाललं. मग एक दिवस कपडे ओलेच निघाले. पिंप फिरत होतं, पंखा चालू होता, मागून हवा येत होती, पण थंड. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं तर सुरुवातीला गरम झालं आणि अर्ध्यावर गार पडलं. मग तसंच व्हायला लागलं. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा तापायचं, पुन्हा गार. सासूबाई मशीनच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहत, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता आणि मुंबईची लाँच बंद होती. यजमान आले ते लाँच सुरू झाल्यावर, शनिवारी दुपारी. बरोबर मामाही होते. जेवण झाल्याबरोबर यजमानांनी प्लग काढला, मशीन भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागचा पत्रा खोलला. मी हातात बॅटरी धरून बाजूला बसले, कारण पडवीत दिवसाही अंधार असे.

मशीनचं पोट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली मोटर, तिच्या बाजूला पंख्याचं गोल घर, पंख्यापुढे एका पत्र्याच्या पेटीत पिळदार तारांची कॉइल. पंख्याची हवा त्या कॉइलवरून जाते, तापते, पिंपात शिरते, आणि ओल घेऊन पत्र्याच्या नळीतून मागे बाहेर पडते. हे सगळं यजमान कामाच्या ओघात मला सांगत होते. त्यांना तशी सवय होती. बिघाड शोधायचा तर वीज ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं आपणही जायचं, एक एक जागा तपासत, असं ते म्हणाले. त्यांनी एका बल्बला दोन लांब वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला होता. प्लग पुन्हा लावून बटणाच्या पुढे वीज येते का पाहिलं, बल्ब लागला. कॉइल तुटली आहे का पाहिलं, ती अखंड होती. मग कॉइलच्या पेटीवर बसवलेली रुपयाएवढी एक चकती राहिली. तिला ते कटआऊट म्हणत. पेटी फार तापली तर ही चकती आपोआप वीज तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. तिच्यावरही बल्ब लागला.

"सगळंच बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांना ते आवडलेलं नव्हतं.

पत्रा उघडा ठेवूनच त्यांनी मशीन चालू केलं. मला आणि सासूबाईंना लांब बसवलं. कॉइल लाल झाली, हवा गरम आली, आणि थोड्या वेळानं आतून टक् असा बारीक आवाज झाला. कॉइलचा लाल रंग विझत गेला. आवाज चकतीतून आला होता. एवढं नक्की झालं की कॉइल ठीक आहे आणि वीज चकती तोडते आहे. ती का तोडते, हा प्रश्न उरला. यजमानांचं म्हणणं पडलं की चकती जुनी झाली आहे, आतला पत्रा कमजोर झाला आहे, म्हणून गरज नसताना सुटते. तशी चकती इथे मिळणार नव्हती. मुंबईत शोधावी लागली असती, आणि मिळेलच असं नव्हतं.

मामा पडवीच्या पायरीवर बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "तिला वलांडून वायर टाक ना. जहाजावर समदे तसंच करतात."

यजमानांनी चकतीवर पुन्हा एकदा बल्ब लावून पाहिला. कटआऊट टाळून काम चालवणं त्यांच्या वर्कशॉपमध्ये चालत नसे, हे मला माहीत होतं. पण आत मुलगी खोकत होती. गेले चार दिवस दुपटी पुन्हा शेगडीवर होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीचं एकपन दुपटं सुकलं नाय. तू सोमवारी जाशील, मंग लाँच परत कदी येल?"

मी बॅटरी धरून होते म्हणून मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे उघडून ठेवलेल्या पत्र्याची आतली बाजू एका जागी काळी होती, कंदिलाची काच काजळते तशी. दुसरं म्हणजे चकतीच्या दोन्ही स्क्रूंखाली तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे चिमटून राहिले होते. कुणीतरी तिथे वायर बसवली होती आणि नंतर ओढून काढली होती. मी ते यजमानांना दाखवलं.

"हे आधी कुणीतरी केलेलं आहे," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले. मग त्यांनी मामांकडे पाहिलं. जहाजावर काजळी कुठेही असते, असं मामा म्हणाले आणि बिडी विझवून उठून गेले.

यजमानांनी चकतीच्या दोन्ही स्क्रूंना वायर जोडली, म्हणजे चकती सुटली तरी वीज तुटणार नव्हती. तेवढ्यापुरतं, नवी चकती मिळेपर्यंत, असं ते मला दोनदा म्हणाले. पत्रा बसवला, मशीन लावलं, आणि ते अखेरपर्यंत गरम राहिलं. सोमवारी पहाटेच्या लाँचनं ते दोघं गेले. त्याच दिवशी वारा फिरला आणि लाँच पुन्हा बंद झाली.

त्यानंतरच्या दिवसांत मशीननं तक्रारीला जागा ठेवली नाही. उलट ते आधीपेक्षा जास्त तापायला लागलं. काचेच्या दाराला हात लावता येत नसे. कपडे लवकर सुकत, कडकडीत, आणि त्यांना इस्त्री जरा जास्त टेकल्यासारखा वास येई. सासूबाईंना तो वास आवडायचा, त्या म्हणायच्या की आता खरी ऊब लागते. मला मात्र तो वास कपडे काढल्यावरही पडवीत रेंगाळलेला जाणवे. एका दुपट्याची कड चहा सांडल्यासारखी पिवळी निघाली. मशीनच्या पाठीचा पांढरा रंगही एका जागी तसाच पिवळा झाला होता. ही तीच जागा, जिच्या आतल्या बाजूला मी काजळी पाहिली होती. दुसरी एक गोष्ट मला नंतर उमजली, तेव्हा नुसती दिसली. मागच्या तोंडातून पहिल्या दिवसांत जी भसाभस हवा यायची ती आता येत नव्हती. तोंडासमोर हात धरला तर हातावर नुसता श्वास लागावा एवढीच.

मी पाळणा माजघरातून पुढच्या ओटीवर नेला. सासूबाईंना ते पटलं नाही, ओटीवर वारा लागतो म्हणून. मी ऐकलं नाही. मशीन चालू असलं की मी पडवीतच बसायची, भाजी निवडायची असो की तांदूळ. पडवीची मागची भिंत कुडाची होती, शेणमातीनं लिंपलेली, आणि वर माळ्यावर पावसाळ्यासाठी साठवलेल्या वाळक्या झावळ्या आणि सरपण होतं. ते सरपण तिथे दर वर्षी असायचं. मला ते त्या दिवसांत पहिल्यांदा खुपायला लागलं. मी सासूबाईंना म्हटलं, यजमान येईपर्यंत हे नको लावू या. त्या म्हणाल्या, तुझ्या पोरीसाठीच लावते. मी पुन्हा पडवीत जाऊन बसले.

एका दुपारी मी मुलीला न्हाऊ घालत होते तेव्हा सासूबाईंनी मशीन लावलं. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग तो आवाज बदलला, जड झाला, कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखा. आणि वास आला. या वेळी तो इस्त्रीचा नव्हता. जळक्या कापसाचा होता, समईची वात विझल्यावर येतो तसा, पण दाट.

मी मुलीला ओल्या अंगानंच पंच्यात गुंडाळून शेजारच्या काकूंच्या हातात दिलं आणि पडवीकडे धावले. मशीनच्या मागून करडा धूर भिंतीला धरून वर चढत होता. सासूबाई समोर उभ्या होत्या आणि त्यांचा हात काचेच्या दाराच्या मुठीवर होता. आत दुपटी होती.

"आई, उघडू नका," मी ओरडले.

त्यांनी दार ओढलं. आतला धूर क्षणभर तिथेच थांबला, मग बाहेरची हवा शिरली आणि पिंपातून जाळ उसळून बाहेर आला. सासूबाई मागे पडल्या. त्यांचा उजवा तळवा मुठीनं भाजला होता आणि भुवया जळाल्या होत्या. मी प्लगपर्यंत पोचू शकत नव्हते, तो मशीनच्या मागे होता. म्हणून उलटी फिरले, पुढच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडला. परत आले तोवर मागच्या नळीच्या तोंडातून ठिणग्या पडत होत्या आणि कुडाला खालून लाल कड धरली होती. माळ्यावरच्या झावळ्या अजून कोऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

आळीतली माणसं आली. समुद्र बंद म्हणून सगळे घरीच होते, हे आमचं नशीब. कुणी भिजलेली गोणपाटं मशीनवर टाकली, कुणी कूड बाहेरून कोयत्यानं तोडून पाडला, कुणी माळ्यावरचं सरपण पावसात फेकलं. आग पडवीच्या पुढे आली नाही. सासूबाईंना उरणच्या दवाखान्यात नेलं. तळवा बरा झाला, पण बोटं शेवटपर्यंत पुरती मिटली नाहीत. भाकरी थापायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं.

यजमान पाच-सहा दिवसांनी आले. निरोप धक्क्यावरच मिळाला होता. घरात शिरल्यावर त्यांनी आधी मुलीला पाहिलं, मग आईचा हात पाहिला, आणि न जेवता पडवीत गेले. पाडलेल्या कुडाच्या जागी आम्ही ताडपत्री बांधली होती. ते जळक्या मशीनसमोर बसले. मग पान्हे काढले. मी बॅटरी घेऊन शेजारी बसले, खरं तर ताडपत्रीतून भरपूर उजेड येत होता.

या वेळी ते विजेच्या वाटेनं गेले नाहीत. हवेच्या वाटेनं गेले. कॉइलची पेटी बाजूला केली, पिंपापासून मागे जाणारी पत्र्याची नळी सोडवली आणि तिच्यात बोटं घातली. आतून त्यांनी जे ओढून काढलं ते मला आधी जळकं कापड वाटलं. ते कापड नव्हतं. कपड्यांचे तंतू होते. सुकताना कपड्यांची जी लव निघते ती हवेबरोबर नळीत जाऊन, ओलीनं बसून, थरावर थर चढून तिची घोंगडी झाली होती. दुपटी आम्ही जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची शिवली होती. धुऊन धुऊन विरलेलं सूत, हात फिरवला तरी लव सुटे. नळी पार बुजली होती. हवा बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून पेटी तापत होती, आणि पेटी तापत होती म्हणून चकती वीज तोडत होती.

"चकती बरोबर होती," ते म्हणाले. "तिचं कामच ते."

मी बॅटरी नळीच्या तोंडाशी धरली. त्यांनी पुन्हा हात घातला. खालचा थर वेगळा होता. वरचा पांढरा-करडा, आमच्या घरचा. खालचा निळसर, जाड, दडपून पत्र्याला चिकटलेला. त्यात खाकी धागे होते. आमच्या घरात खाकी कपडा नव्हता. आणि त्या जुन्या थराची कड कोळशासारखी होती, पण ती या आगीनं जळलेली नव्हती. तिच्यावर आमची लव कोरी बसली होती आणि जळली होती ती वरची बाजू. म्हणजे हे मशीन आमच्याकडे येण्याआधी एकदा आतून पेटलेलं होतं.

मामा आले ते त्यानंतरच्या आठवड्यात, बहिणीला बघायला. यजमानांनी तो निळा थर कागदावर काढून ठेवला होता. तो त्यांनी मामांच्या पुढ्यात ठेवला आणि एवढंच विचारलं की त्या जहाजावर काय झालं होतं.

मामांनी आधी टाळलं. मग सासूबाईंनी आपला हात त्यांच्यासमोर धरला, तेव्हा सांगितलं. जहाज तोडायला आलं तेव्हा त्याच्या एका भागातल्या खोल्या आतून काळ्या होत्या. कपडे धुवायची खोली त्यातलीच. आग लागली होती आणि कुणीतरी खलाशी त्यात होता, असं तिथले लोक बोलत होते. तो वाचला की नाही ते मामांना माहीत नव्हतं. मशीन वरून साफ होतं, फक्त काजळी होती, ती त्यांनी घासून काढली.

"जहाज तोडायला येतं तवा त्याला कोन इचारतं, काय झालं म्हनून," मामा म्हणाले.

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. त्या दिवशी त्यांनी भावाला जेवायला वाढलं नाही, मला वाढायला सांगितलं.

मशीन घरात ठेवायचं नाही असं मी म्हटलं आणि पहिल्यांदाच त्या घरात माझा शब्द कुणी मोडला नाही. यजमानांनी मात्र ते तसंच जाऊ दिलं नाही. त्यांनी नळी खरवडून स्वच्छ केली, जोडलेली वायर काढली, चकती पुन्हा तपासून जागेवर बसवली. जळालेल्या वायरी बदलल्या. मला वाटलं, भंगारात जाणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत कशाला. ते म्हणाले की त्यांना ते बरोबर झालेलं बघायचं आहे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा झाला तेव्हा मामांनी पडाव आणला आणि मशीन घेऊन गेले. भंगारात घालतो म्हणाले.

दिवाळीत मामा आले तेव्हा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं की ते मशीन भंगारात गेलं नव्हतं. बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं घेतलं, रंग मारला आणि मुंबईत कुणा गृहस्थाला विकलं. घरात लहान मूल होतं म्हणे. मशीन झकास चालतं, फक्त त्या माणसाची एक तक्रार होती.

"कसली?" यजमानांनी विचारलं.

"अर्ध्यावर गार पडतं म्हनतो. व्यापारी बोलला, मिस्त्री बोलवून बघ."

यजमानांच्या हातात फराळाची ताटली होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि घर कुठलं ते विचारलं. मामांना माहीत नव्हतं. व्यापाऱ्याचं दुकान विचारलं, ते मामांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, त्यांची बहीण पाट मांडून वाट बघत होती, तरी यजमान सकाळच्या लाँचनं मुंबईला गेले. व्यापारी गावाला गेलेला होता. तो परत आला तेव्हा त्याला घर आठवेना. गिरगाव म्हणाला, मग माटुंगा म्हणाला. यजमान कामावरून सुटल्यावर काही दिवस त्या भागांत फिरत राहिले. कुणाच्या दारात उभं राहून काय विचारायचं, हेही त्यांना नीट कळत नव्हतं. पुढे ते जायचे थांबले. 

पण त्यानंतर कितीतरी वर्षं सकाळचं वर्तमानपत्र आलं की ते आधी आतलं पान उघडत, जिथे शहरातल्या आगी-अपघातांच्या बारीक बातम्या असतात. तेवढ्या वाचून झाल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नसत.